खेळण्यातल्या रणगाड्याचा धूर : हौस, विज्ञान आणि खबरदारी

सुट्टी लागली की मुलांच्या हातात मोबाईल येतो, ही तक्रार घरोघरी आहे. पण त्याच मोबाईलवर व्हिडिओ पाहून एखादा मुलगा म्हणतो, "अब्बू, माझ्या रणगाड्याच्या तोफेतून धूर काढायचाय!" अशा वेळी लगेच नाही म्हणू नये आणि डोळे झाकून होही म्हणू नये. या एका हट्टात आठवी-नववीचे बरेच विज्ञान दडले आहे आणि दोन-तीन खरे धोकेही आहेत. दोन्ही समजून घेऊ या.

रिमोटवर चालणारे हौशी रणगाडे बहुधा १/१६ मापाचे असतात. जर्मनीचा खरा 'टायगर' रणगाडा तोफेसह सुमारे साडेआठ मीटर लांब होता. त्याची प्रतिकृती साधारण ५३ सेंटीमीटर भरते. चीनच्या हेंग लाँग कंपनीच्या अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या सायलेन्सरमधून धूर काढणारा संच आधीच बसवलेला असतो. तोफेच्या तोंडातून मात्र धूर निघत नाही. म्हणून मुलांना पुढचा धूर हवा असतो.

खरी तोफ धूर का सोडते?

गोळ्यामागची दारू जळते, तिचा वायू गोळ्याला ढकलतो आणि त्याच्यामागून तोंडातून बाहेर पडतो. काही वायू नळीत उरतो. गोळी उडाल्यावर मागचे झाकण उघडले की तो आत बसलेल्या सैनिकांच्या नाकातोंडात जाऊ शकतो. म्हणून नंतरच्या काळातल्या अनेक तोफांच्या नळीवर एक फुगवटा आला. गोळा पुढे जाताना थोडा वायू बारीक छिद्रांतून या फुगवट्यात शिरतो आणि गोळा निघून गेल्यावर पुढच्या दिशेने सुटून उरलेला धूर सोबत ओढून नेतो.

अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना तिथे नेलेत तर आपल्या 'विजयंता'च्या १०५ मिलिमीटर तोफेवरचा फुगवटा दाखवा. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या गाड्यांच्या नळीवर तो दिसत नाही. हा फरक का, हे मुलांनाच सांगू द्या.

धूर नव्हे, धुके

खेळण्यात काहीही जळत नाही आणि जळूही नये. एका छोट्या डबीत कापसासारखी वात तेलात भिजलेली असते. वातीला गुंडाळलेली नायक्रोमची तार विजेने तापते, तेलाची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात. ते थेंब आपल्याला धुरासारखे दिसतात. अम्मीने चहाची किटली ठेवली असेल तेव्हा बघा : तोटीच्या अगदी जवळ काहीच दिसत नाही, थोड्या अंतरावर पांढरा ढग दिसतो. तत्त्व तेच.

हा ढग पुढे ढकलायला छोटी मोटर आणि पिचकारीसारखा दट्ट्या लागतो. तिथून सिलिकॉनची बारीक नळी तोफेत जाते. बसवताना चार गोष्टी पाहाव्यात. डबी वरच्या फिरणाऱ्या बुरुजातच ठेवावी. खाली ठेवली तर बुरूज फिरताना नळी पिळवटते. तोफ उडताना मागे सरकते, म्हणून नळीला थोडी ढील हवी. नळी आखूड आणि डबीकडे उतरती असावी, म्हणजे आत साचलेले तेल परत डबीत जाईल. तोंडाशी उजेडाचा दिवा असेल तर त्याच्या बाजूने वाट मोकळी राहिली पाहिजे.

खरी गंमत वेळ साधण्यात आहे. तार तापायला काही सेकंद लागतात, पण धूर मात्र आवाजाबरोबरच हवा. म्हणून दोन वेगळी सर्किटे करतात. हीटर वेगळ्या बटणावर आधीच चालू करायचा आणि पंपाला मात्र तोफ उडण्याच्या इशाऱ्यावर अर्धा सेकंद वीज द्यायची.

थोडे गणित

बॅटरी ७.२ व्होल्टची आणि तारेचा रोध १० ओहम असेल, तर विद्युतधारा ०.७२ अँपिअर आणि उष्णता सुमारे ५ वॅट. रणगाड्याच्या बोर्डावरची उजेडाची जोडणी एका छोट्या एलईडीपुरती असते. तिला पंप किंवा हीटर थेट जोडला तर बोर्ड जळू शकतो. मध्ये रिले किंवा मॉसफेट घालावा आणि हीटरच्या तारेत १ अँपिअरचा फ्यूज बसवावा. ओहमचा नियम फळ्यावर पाठ करणारा मुलगा इथे तो वापरतो आणि मग विसरत नाही.

हे मात्र पाळाच

डबीत मॉडेलसाठी मिळणारेच तेल घालावे. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल, अत्तर किंवा डास पळवणाऱ्या मशीनचे द्रव कधीही नाही. वात कोरडी असताना हीटर चालू करू नये. सोल्डरिंग मोठ्या माणसासमोरच व्हावे आणि चार्जिंगला लावलेली बॅटरी एकटी सोडू नये. तेलाची बाटली धाकट्यांच्या हाताला लागू नये. चुकून कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. तेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

हे धुके श्वासात घेण्यासाठी नाही. खिडक्या उघड्या ठेवून किंवा गच्चीवर खेळावे. घरात दादीला दमा असेल, तान्हे बाळ असेल, तर घरात हा खेळ नकोच.

शेवटचा मुद्दा पालकांनी विशेष लक्षात घ्यावा. परदेशातले बरेच हौशी लोक या कामासाठी ई-सिगारेटची कॉइल वापरतात आणि व्हिडिओत तसे सहज सांगतात. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी आहे आणि ही बंदी तिच्या सुट्या भागांनाही लागू आहे. शिवाय कॉइल शोधत गेलेला चौदा वर्षांचा मुलगा ती चोरून विकणाऱ्याच्या दारात पोहोचतो. तिथे त्याला फक्त कॉइलच दाखवली जाईल, याची खात्री कोण देणार? मॉडेलसाठी बनवलेला धुराचा तयार संच मिळतो. सामानाची यादी मुलाने करावी, खरेदी आपण करावी.

मुलाने मागितलेला धूर दोन क्षणांत विरतो. त्यासाठी त्याच्याशेजारी बसून काढलेल्या चार संध्याकाळी मात्र वाया जात नाहीत. व्हिडिओत पुढे काय येणार हे आपल्या हातात नसते. ते पाहताना मुलाशेजारी कोण बसणार, हे असते.