खुंटीवरची बंदूक आणि शिवारातली जागल

गौरी-गणपतीच्या सुमारास मक्याच्या कणसात दूध भरतं आणि त्याच आठवड्यात रानडुकरं येतात. त्यांना तो वास कुठून लागतो कोण जाणे, पण गेल्या वीस वर्षांत एकही साल चुकलेलं नाही. सकाळी आखाड्यावर जावं तर वीस-पंचवीस ताटं मुळाशी मोडलेली, कणसं अर्धवट चघळून टाकलेली आणि बांधाकडची माती नांगर फिरवल्यासारखी उकरलेली.

आमचं पडेगाव आता निम्मं शहर झालंय. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना इमारती दिसतात. त्यांच्या मागे आमच्यासारख्यांची चार-चार एकर शेती अजून तग धरून आहे. खरिपात मका, रब्बीत ज्वारी आणि हरभरा.

माझे सासरे, म्हणजे मामा, यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. मामांनी जन्मभर तिच्यातून हवेतच बार काढले. डुकरं तेवढ्यापुरती पळत, तासाभराने दुसऱ्या बांधाने येत. मामा गेले. बंदुकीची खुंटी तेवढी आखाड्यात राहिली आहे, तिला आता बॅटरी टांगलेली असते.

‘घाला गोळ्या’ असं पारावर कुणीही म्हणतं. आपल्या भागाने तोही काळ पाहिला आहे. कन्नडच्या औट्रम घाटाला ज्याचं नाव आहे, त्या ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमने १८२५ नंतरच्या दहा वर्षांत खानदेशात आपल्या साथीदारांसह शंभराहून जास्त वाघ मारले. आज त्याच घाटाच्या नावाने गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. बिबट्या, काळवीट, लांडगा, मोर हे सगळे पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती त्या ठरावीक जनावरापुरती आणि त्या जागेपुरती असते. ती मनमानी शिकारीची सनद नव्हे.

आणि मारून प्रश्न सुटतो का? बिहारमध्ये मोकामा भागात जून २०१६ मध्ये केंद्राच्या परवानगीने दोनशेच्या वर रोही मारले. त्यानंतरही त्या राज्यात अशा मोहिमा काढाव्या लागल्या. डुकरीण पावणेचार महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज. रान मोकळं झालं आणि चारा तसाच राहिला की शेजारचा कळप येऊन बसतो. माझं मत स्पष्ट आहे: जनावर मोजत बसण्यापेक्षा त्याला इथे काय खायला मिळतं, ते आधी पाहावं.

आधी चोर ओळखायला हवा. उकरलेली माती आणि मुळाशी मोडलेलं ताट दिसलं की डुक्कर. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले आणि एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला की रोही. रोज त्याच जागी येऊन टाकायची त्याची सवय असते. डुकराचं नाक तिखट, नजर मंद. म्हणून बुजगावण्याला ते जुमानत नाही. रोह्याची नजर तेज. जुन्या साड्यांचं फडफडतं कुंपण त्याला चार-सहा दिवस थोपवतं, मग तेही त्याच्या अंगवळणी पडतं. जुनी माणसं ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईचे दाट तास पेरायची. काटे लागायचे म्हणून जनावर आत शिरायला कचरायचं, वर घरात तेल यायचं. मी ते पुन्हा सुरू केलंय.

झटका मशीन घेतली त्यालाही तीन वर्षं झाली. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची पाटी. तारेत साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका येतो. जनावर दचकतं, मागे सरतं, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर हवी, रोह्यासाठी वरची छातीइतकी. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरून जातो, म्हणून तारेखाली दर आठवड्याला खुरपं फिरवावं लागतं. मशीन घेणारे बरेचजण हे करत नाहीत आणि मग मशीनला बोल लावतात.

तरी मशीन एकटी पुरत नाही. कणसं भरायच्या पंधरा दिवसांत आम्ही पाच घरं वारंगुळ्याने जागल करतो. दोघांनी जागायचं, पत्र्याचा डबा वाजवायचा, पाचही शेतांना फेरी मारायची. एकट्याच्या राखणीने डुक्कर शेजाऱ्याकडे जातं, एवढंच.

बिबट्याची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१९ मध्ये तो थेट शहरात, सिडकोच्या एन-१ मध्ये शिरला होता. वनखात्याने बेशुद्ध करून पकडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उकिरडा वाढला की कुत्री वाढतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी शहराचा कचरा अडवला आणि प्रक्रियेच्या जागांमध्ये पडेगावचं नाव आलं, तेव्हापासून मी हे सभांमध्ये बोलते आहे. उघड्यावर टाकलेलं शिळं अन्न, नाल्यात ओढून टाकलेलं मेलेलं वासरू, ही सगळी जंगली जनावरांना आमंत्रणं आहेत. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात पुरा.

पिकाचं नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत कळवायचं. पहिल्या वेळी मी पाचव्या दिवशी गेले आणि भरपाई हुकली. आता सकाळी शेत पाहिलं की मोडलेली ताटं न उचलता आधी फोटो काढते, मग अर्ज करते. बिबट्याने वासरू मारलं तर पंचनामा होईपर्यंत ते हलवायचं नाही. वनखात्याचा फोन १९२६.

शेवटची गोष्ट लिहायला जड जाते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मक्याभोवती कुणीतरी घरच्या लाइनीवरून उघडी तार ओढली होती. झटका मशीनचा झटका क्षणाचा असतो, सुटायला वेळ मिळतो. घरच्या विजेने अंग आखडतं, माणूस तारेला धरूनच राहतो. त्या रात्री हे जागलीला निघाले होते. आमचा कुत्रा खंड्या नेहमीसारखा चार पावलं पुढे होता. तो तारेला चिकटला, एकदाच केकाटला. हे जागच्या जागी थांबले. सकाळी आम्ही खंड्याला करडईच्या कडेला पुरलं.

तुमच्या शेताभोवती घरच्या लाइनीची तार असेल किंवा क्लच वायरचा फास लावलेला असेल, तर आजची रात्र होण्याआधी ते काढा.