बाराव्या वर्षीची वाट आणि कॉलेजचे पहिले वर्ष
हॉलंडमधील शिक्षणाच्या पायऱ्या

आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव नेदर्लंड्सच्या राजपुत्र मॉरिसवरून मिळाले. डच खलाशांनी ते १५९८ साली ठेवले आणि १७१० साली डच हे बेट सोडून गेले. आपल्या पूर्वजांच्या कोकणातही वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. इतका जुना संबंध असूनही त्या देशातील मुले कशी शिकतात, हे आपल्या घरांतून फारसे कुणाला ठाऊक नसते. आम्हा शिक्षकांना हा विषय महत्त्वाचा वाटतो. मूल अकरा-बारा वर्षांचे असतानाच त्याची पुढची वाट ठरवावी काय, हा जो प्रश्न आपल्याला छळतो, तोच तेथील आईबापांनाही छळतो.

नेदर्लंड्समध्ये शिक्षणाची सक्ती पाचव्या वर्षापासून आहे. परंतु चौथा वाढदिवस झाला की बहुतेक मुले शाळेत जाऊ लागतात. वर्षारंभाची वाट पाहावी लागत नाही. १९८५ साली बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करण्यात आल्या. तेव्हापासून प्राथमिक शाळेत आठ इयत्ता आहेत. पहिल्या दोन खेळण्याबागडण्यात जातात आणि तिसरीत, म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास, वाचन-लेखन रीतसर सुरू होते. १९१७ सालच्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा मिळू लागला. सुरिनाम देश १९७५ साली स्वतंत्र झाला, त्या सुमारास आपल्यासारख्याच गिरमिटियांचे हजारो वंशज तिथून हॉलंडला आले. पुढे त्यांनी याच तरतुदीच्या आधारे हिंदू प्राथमिक शाळा काढल्या.

आठव्या इयत्तेत मूल बारा वर्षांचे होते आणि खरी कसोटी लागते. शाळा पालकांना लेखी सल्ला देते की मुलाने कोणत्या शाखेत जावे. शाखा मुख्यतः तीन आहेत. व्हीएमबीओ ही चार वर्षांची, व्यवसायशिक्षणाकडे नेणारी. हावो पाच वर्षांची, पुढे एचबीओ नावाच्या उच्च व्यावसायिक महाविद्यालयाकडे नेणारी. व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांची, विद्यापीठाकडे नेणारी. सल्ल्याच्या जोडीला एक परीक्षाही असते. पण २०१५ पासून शिक्षकाच्या सल्ल्याला अधिक वजन आले.

शिक्षक मुलाला वर्षानुवर्षे पाहतो, तेव्हा त्याचा सल्ला एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा बरा, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटते. परंतु २०१६ साली तेथील शाळा-तपासणी खात्याने अहवाल दिला, की बुद्धी सारखी असूनही कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांना खालच्या शाखेचा सल्ला अधिक वेळा मिळतो. शिक्षकाच्या मनात वाईट काही नसते. घरी पुस्तके नाहीत, मदत करणारे कुणी नाही, मग पोराला झेपेल काय, असा काळजीचाच विचार असतो. पण त्या काळजीने पोराची उडी आखूड होते. २०२० साली महामारीमुळे परीक्षाच रद्द झाली, तेव्हा परीक्षेत चमकून वरची शाखा मिळवण्याची संधीही गेली. अखेर २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून नियम झाला, की परीक्षेचा निकाल सल्ल्याहून वरचा आला तर शाळेने सल्ला वाढवावा. वाढवायचा नसेल तर कारण द्यावे.

या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. खालच्या वाटेने गेलेल्याला वर चढण्याच्या शिड्या आहेत. व्हीएमबीओ करून मुलगा एमबीओ या व्यवसायशाळेत जातो, तिथली वरची पातळी गाठली की एचबीओत, आणि एचबीओचे पहिले वर्ष पुरे केले की विद्यापीठाच्या काही अभ्यासक्रमांचे दार उघडते. डच लोक याला ‘स्टापेलन’, म्हणजे एकावर एक रचणे, असे म्हणतात. वर्षे अधिक लागतात, पण वाट बंद होत नाही. जूनमध्ये शालान्त परीक्षेचे निकाल लागले की उत्तीर्ण मुलांच्या घरांवर राष्ट्रध्वज लागतो आणि त्याच काठीला मुलाचे जुने दप्तर टांगतात. व्हीएमबीओच्या मुलाचे दप्तरही व्हीडब्ल्यूओच्या मुलाइतक्याच दिमाखात लटकते.

त्यानंतर येते कॉलेजचे पहिले वर्ष, आणि इथे दुसरी चाळणी लागते. वर्षाचे एकूण ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २८ तासांचे काम धरलेले असते. मोठ्या वर्गात शेकडो विद्यार्थी व्याख्यान ऐकतात. बाकीचा अभ्यास ज्याचा त्याने करायचा. शाळेतल्यासारखे ‘वही दाखव’ म्हणणारे कुणी नसते. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर त्या संस्थेत तोच अभ्यासक्रम पुढे चालू ठेवता येत नाही. गुण दहापैकी देतात. साडेपाचला उत्तीर्ण, आठ म्हणजे उत्तम, आणि दहा क्वचितच कुणाला. शाळेत नेहमी पहिला येणारा मुलगा सात गुण पाहून खचतो.

खोली मिळवणे ही आणखी एक परीक्षाच. विद्यार्थी मिळून घर चालवतात आणि नवा सोबती तेच निवडतात. उमेदवारांना बोलावून गप्पा मारतात, मग कळवतात. घरून एकटा आलेला, लाजाळू मुलगा इथे मागे पडतो. अभ्यासाच्या अडचणींसाठी सल्लागार नेमलेले असतात. पण त्यांच्याकडे आपण होऊन जावे लागते. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला हे सांगणार कोण?

वाचकहो, आपल्याकडे २०१७ साली सी.पी.ई. जाऊन नवी परीक्षा आली. परीक्षेचे नाव बदलले तरी घराघरांतली धास्ती लगेच जात नाही. हॉलंडकडे पाहून आम्हाला वाटते, की बाराव्या वर्षीचा निकाल हा त्या दिवसापुरता निकाल आहे, मुलाचे मोजमाप नव्हे. शिक्षकाचा सल्ला मानाने ऐकावा, पण ‘असे का?’ हे विचारण्यास आईबापांनी कचरू नये. आणि मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली की ‘आता आमचे काम संपले’ असे म्हणू नये. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा तरी निवांत बसून विचारावे: जेवण कसे, सोबती कोण, कुठला विषय जड जातो, कुणाला विचारलेस काय? गुणांची चौकशी त्यानंतर करावी.