नंबर बरोबर, मग फोन का लागत नाही?

पेणच्या गणेशमूर्ती दरवर्षी परदेशी जातात. त्यामुळे इथल्या कारखान्यांच्या पाट्यांवरचे नंबर लंडन-दुबईतूनही फिरवले जातात. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांनाही बाहेरून फोन येत असतात. नंबर हा पत्ता आहे. तिथवरची वाट मात्र मधल्या प्रत्येक जाळ्याला ठाऊक असावी लागते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे गैरसमज होतात.

गैरसमज : पेणचा कोड ०२१४३, तो कुठूनही तसाच लावायचा.

वस्तुस्थिती : कोड २१४३ आहे, रोह्याचा २१९४. आधीचे शून्य ही 'कॉल बाहेरगावचा आहे' अशी एक्स्चेंजला दिलेली सूचना असते आणि ती देशातच चालते. परदेशातून +९१ नंतर थेट २१४३ आणि पुढे सहा आकडी नंबर लावायचा. चार आणि सहा मिळून दहा आकडे होतात; मध्ये शून्य घुसले की कॉल बहुधा अडतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करतानाही आधी शून्य लावावे लागते, पण म्हणून मोबाइल नंबर अकरा आकडी झालेला नाही.

गैरसमज : एक जिल्हा, एक कोड.

वस्तुस्थिती : अलिबाग २१४१, माणगाव २१४०, महाड २१४५, आणि पनवेल रायगडात असूनही मुंबईच्या २२ मध्ये येते. कोड जिल्ह्याला नव्हे, आकारणीसाठी आखलेल्या छोट्या क्षेत्राला मिळतो. देशात अशी अडीच हजारांहून अधिक क्षेत्रे आहेत. पेण आणि रोहा शेजारचे तालुके असले तरी लँडलाइनवरून कोड लावावाच लागतो.

गैरसमज : मोबाइलच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येते.

वस्तुस्थिती : पूर्वी येत असे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरी नंबर टिकतो. म्हणून कॉल पाठवण्याआधी पोर्ट झालेल्या नंबरांची यादी तपासली जाते. एखाद्या कंपनीकडे ही यादी अद्ययावत नसेल, तर त्याच नंबरला एका सिमवरून फोन लागतो आणि दुसऱ्यावरून लागत नाही.

गैरसमज : पत्ता बरोबर असला की कॉल पोहोचतोच.

वस्तुस्थिती : इंटरनेट सर्वदूर येण्याआधी संगणकांचे 'कॉल' एक्स.२५ पद्धतीच्या डेटा जाळ्यांवरून जात. त्यांचे पत्ते १४ आकड्यांपर्यंतचे असत आणि पहिले चार आकडे देश व जाळे सांगत. भारतात ४०४२ हे आंतरराष्ट्रीय गेटवेचे आकडे होते, तर ४०४३ देशांतर्गत आय-नेटचे. दोन देशांच्या जाळ्यांत करार नसेल, किंवा पलीकडच्या एक्स्चेंजमध्ये हे चार आकडे भरलेले नसतील, तर अचूक पत्त्यावरचा कॉलही परत येई. आजच्या फोनलाही हाच नियम लागू आहे. नवी नंबर मालिका सुरू झाली की ती जगभरच्या कंपन्यांना आपापल्या यंत्रणेत भरावी लागते. जिथे ती भरली गेली नाही, तिथून 'हा नंबर अस्तित्वात नाही' असे ऐकू येते.

गैरसमज : +९१ दिसले म्हणजे फोन भारतातूनच आला.

वस्तुस्थिती : स्क्रीनवरचा नंबर पाठवणारे जाळे सांगते, आणि तो खोटाही असू शकतो. असे परदेशी कॉल अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले गेले. तरीही अनोळखी +९१ वर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

गैरसमज : आयपी पत्त्यावरून माणूस नेमका कुठे आहे ते कळते.

वस्तुस्थिती : रोह्यात बसून नेट वापरणाऱ्याचे ठिकाण अनेकदा मुंबई दिसते, कारण पत्ता गावाला नव्हे, कंपनीच्या जाळ्याला दिलेला असतो.

पाटीवर, बिलावर आणि कार्डावर नंबर '+९१ २१४३' किंवा '+९१ २१९४' असा सुरू करून छापावा. फोन एकाच कंपनीच्या सिमवरून लागत नसेल, तर फोन करणाऱ्याने आपल्याच कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि कुठून, कधी, कोणत्या नंबरवर कॉल केला ते सांगावे. वाट चुकली कुठे, हे शोधायला तेवढी माहिती लागतेच.