आजच्या पायाची सायकल

सायकल समजून घेताना : लेखांक ६

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, चपला एक नंबर मोठ्या घेतो. त्यात फारसं बिघडत नाही. बाही दुमडता येते, चपलेत कापडाचा बोळा घालता येतो. हीच सवय घेऊन आपण सायकलीच्या दुकानात जातो आणि तिथं मात्र फसतो. दसऱ्याला नाहीतर वाढदिवसाला डिंगोऱ्याहून ओतूरला किंवा नारायणगावला सायकल घ्यायला गेलेल्या माणसांचं बोलणं जवळजवळ ठरलेलं असतं. दुकानदार विचारतो, "पोराचं वय काय?" आई सांगते, "पाच पुरी झाली." तो सोळाची सायकल पुढं काढतो. तेवढ्यात आजोबा म्हणतात, "सोळाची कशाला, वीसची काढा. पोरगं काय एवढंच राहणाराय का? दोन वर्षांनी परत कोण पैसं घालतंय!" पोराच्याही मनात वीसचीच भरलेली असते, कारण तिला जाड टायर असतात, शॉकर असतात. सगळे खूश होऊन घरी येतात. पोरगं दोनदा पडतं, तिसऱ्यांदा सायकलीकडं फिरकत नाही, आणि मग घरात म्हणतात, "भित्रं आहे."

भित्रं नसतं ते. त्याचे पाय टेकत नसतात.

आधी वयाचा घोळ. पाच वर्षांची मुलं एका मापाची नसतात, हे बालवाडीच्या रांगेकडं बघितलं तरी कळतं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते आपल्या अंगणवाडीत वापरतात. त्यात पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे, पण साधारण १०१ पासून ११९ पर्यंतचं मूल नेहमीच्या वाढीतलंच धरलं जातं. म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पोरांत अठरा सेंटिमीटरचा फरक असू शकतो. खोक्यावर छापलेलं 'वय ५ ते ८' या दोघांनाही सारखंच लागू. मुलींचे आकडे किंचित कमी, गोष्ट तीच.

मग चाकाचा घोळ. सोळाची, वीसची हे चाकाचं माप आहे, सायकलीचं नव्हे. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो बघा. सोळाच्या टायरवर बहुधा ३०५ आणि वीसच्या टायरवर बहुधा ४०६ सापडेल. टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. नवा टायर घेताना तो उपयोगी पडतो. पोराचा पाय टेकेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. एका कंपनीच्या सोळाच्या सायकलीचं सीट पार खाली घेतलं की जमिनीपासून ४८ सेंटिमीटरवर येतं, दुसरीचं ५५ च्या खाली येतच नाही. दोन्हींवर स्टिकर 'सोळा' असंच.

म्हणून माप घ्यायचं ते पायाचं, आणि ते दुकानात जाण्याआधी घरी. पोराला चप्पल काढून भिंतीला टेकून उभं करा, टाचा भिंतीला लागलेल्या. एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक किंवा जाड वही घ्या. तिची एक कड भिंतीला चिकटवून ती दोन्ही पायांच्या मधून अलगद वर सरकवा, सायकलीच्या सीटवर बसल्यासारखी टेकेपर्यंत. पोरगं गुदगुल्या होतात म्हणून टाचा उचलणार. त्याला उचलू द्यायच्या नाहीत, सगळं माप तिथंच चुकतं. वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची, पोराला बाजूला करायचं आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावायची. शिंप्याची कापडी टेप चालते. ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं हे माप बहुतेक वेळा ४७ ते ५० च्या दरम्यान येतं. आकडा कागदावर लिहा आणि टेपसकट तो कागद खिशात ठेवा.

दुकानात गेल्यावर दुकानदाराला एवढंच म्हणायचं, "दादा, सीट पार खाली घ्या." मग सीटच्या वरच्या बाजूपासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. पोरगं पहिल्यांदाच दोन चाकांवर बसणार असेल, तर हा आकडा त्याच्या पायाच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी हवा. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. आधीच चालवता येत असेल तर सीट त्याहून वर चालतं, चवडे टेकले तरी पुरे. मधली नळी आडवी असलेली सायकल असेल तर पोरगं सीटच्या पुढं उतरून उभं राहिल्यावर नळी आणि त्याच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट दिसली पाहिजे. हँडल पूर्ण वळवून बघा, गुडघ्याला लागत नाही ना. खाली वाकलेल्या नळीच्या सायकलीला आपल्याकडं 'मुलींची' म्हणतात आणि मुलगे तोंड वाकडं करतात. खरं तर शिकाऊ मुलासाठी, मग तो मुलगा असो की मुलगी, तीच बरी. घाबरलं की पटकन उतरता येतं.

आता आजोबांच्या हिशोबाकडं येऊ, कारण तो चुकीचा असला तरी अडाणी नाही. सायकल दोन वर्षं तरी टिकली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पाच-सहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढतं. त्यातला निम्मा भाग, किंवा किंचित जास्त, पायांचा. म्हणजे पायाचं माप वर्षाला तीन-साडेतीन सेंटिमीटरनं सरकतं. सीटचा पाइप बऱ्याच सायकलींत आठ-दहा सेंटिमीटर वर काढता येतो. आज पार खाली घेतलेल्या सीटवर जे पोर नीट बसतं, त्याला तीच सायकल दोन, कधी अडीच वर्षं आरामात पुरते. वाढीची सोय सायकलीतच आहे, त्यासाठी मोठं चाक घ्यावं लागत नाही. पाइपावर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली की सायकल लहान झाली असं समजायचं. त्यापुढं पाइप ओढला तर तो वाकतो किंवा निखळतो.

आजोबांचा दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. "आम्ही कुठं मापं घेतली होती? बापाच्या सायकलीवर शिकलो." खरं आहे. अठ्ठावीस इंची चाकांची काळी सायकल, आठ-नऊ वर्षांचं पोरगं, नळीखालून उजवा पाय पलीकडं घालून हाफ पायडल मारत निघालेलं, हे दृश्य जुन्नर तालुक्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. पण त्या शिकण्यात काय होत होतं ते नीट बघा. पोरगं सीटवर बसतच नव्हतं. ते सायकलीच्या बाजूला, फ्रेमच्या त्रिकोणातून पाय घालून, जवळजवळ उभं असायचं. तोल गेला की डावा पाय लगेच जमिनीवर. सायकल अजस्र होती, पण पाय टेकण्याची सोय त्या पोरांनी स्वतःच शोधून काढली होती. सीटवर बसण्याची पाळी यायची ती पुढं, पाय पुरायला लागल्यावर. म्हणजे ती पिढीसुद्धा पाय टेकवूनच शिकली. आजच्या वीसच्या सायकलीवर पाच वर्षांच्या पोराला सीटवर बसवून मागून धरणं हा उलट प्रकार आहे. पोरगं वर लोंबकळतंय आणि तोल दुसऱ्याच्या हातात. हाफ पायडलवाल्यांचे गुडघे आणि हनुवट्याही काही कमी फुटल्या नाहीत, ते वेगळं.

वजनाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून इथं थोडं थांबू. लोखंडी फ्रेमची सोळाची सायकल सहज दहा किलो भरते. शॉकर आणि जाड टायर असतील तर आणखी वर. आपल्याकडं पाच वर्षांची कितीतरी मुलं सोळा किलोच्या आसपास असतात. सोळा किलोच्या पोराला दहा किलोची सायकल म्हणजे सत्तर किलोच्या बापाला जवळपास चव्वेचाळीस किलोची. ती त्यानं माळावर चालवावी, पडली की उचलावी, आणि वर हसतमुख असावं! लहान मुलाच्या सायकलीचा शॉकर सोळा किलोच्या वजनानं धड दबतसुद्धा नाही. तो नुसता वाहून न्यायचा. जाळी, घंटी, मागचं कॅरिअर हवं तर घ्या, पोरांना हौस असते. पण दोन सायकलींत निवड करायची वेळ आली तर दोन्ही एकेका हातानं उचलून बघा आणि हलकी घ्या.

बाजूची दोन छोटी चाकं दुकानदार बहुधा सायकलीबरोबरच लावून देतो. गुळगुळीत फरशीवर ती ठीक. डिंगोऱ्यातल्या शेतरस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या असतात. बाजूची दोन चाकं दोन काठांवर चढतात, मागचं चाक मध्ये अधांतरी राहतं आणि पोरगं पायडल मारत जागच्या जागी फिरवत बसतं. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे सायकल वळताना कलायला हवी, आणि बाजूची चाकं तिला कलू देत नाहीत. पायडल मारायचं कसं ते मूल शिकतं, तोल मात्र शिकत नाही. खरं तर आधी तोल यायला हवा, पायडल मागून येतं.

जर्मनीत १८१७ साली कार्ल फॉन ड्राईस यानं दोन चाकांचं पहिलं वाहन चालवून दाखवलं, तेव्हा त्याला पायडलच नव्हतं. लाकडी धावतं यंत्र, त्यावर बसून पायांनी जमीन मागं ढकलायची. पायडल लागलं १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. लहान मुलालाही हाच क्रम मानवतो. त्यासाठी पायडल नसलेली वेगळी सायकल विकत घ्यायची गरज नाही. आहे तिचीच दोन्ही पायडलं काढून ठेवा. बहुतेकदा १५ चा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं, घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवावं लागतं. हे माहीत नसल्यानं जोर लावून आटे मारलेली क्रँक गावातल्या मिस्त्रीकडं अधूनमधून येतेच. सीट पार खाली, पायडल नाही, आणि किंचित उताराची मऊ जमीन. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी, किंवा काढणी झालेलं मोकळं खळं. मूल आधी चालतं, मग धावतं, मग दोन्ही पाय उचलून तरंगत येतं. ते असं दहा-बारा पावलांचं अंतर सरळ यायला लागलं की पायडल परत लावायची. यासाठीच तळवे टेकणं लागतं. वीसच्या सायकलीवर हे होतच नाही.

ब्रेकचा दांडा त्याच्या बोटांना पुरतो का, हे दुकानातच बघा. बऱ्याच दांड्यांना आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा मुठीच्या जवळ येतो. सायकल हातानं ढकलत असताना पोरानं एका हाताच्या दोन बोटांनी दांडा दाबून चाक थांबवून दाखवावं. नाही थांबलं तर दुरुस्त करून घेऊनच घरी आणायची.

शिकवायची जागा आणि वेळ, याबद्दल डिंगोऱ्यापुरतं दोन शब्द. कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ गावावरून जातो. भाजीचे पिकअप, उसाचे ट्रॅक्टर आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात धबधबे बघायला निघालेल्या गाड्या. या रस्त्याची कड शिकण्याची जागा नव्हे, 'जरा कडेकडेनं' असंही नाही. आणि वेळ दिवसाची. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बरं वाटतं खरं, पण जुन्नरच्या उसात बिबट्या आहे. वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र याच तालुक्यात, माणिकडोहला आहे, ते काही उगीच नाही. दिवेलागणीला उसाच्या बांधालगत एकटं लहान पोरगं, तेही सायकलीवर वाकलेलं किंवा पडलेलं, अशी वेळ येऊच द्यायची नाही. सकाळी आठ-साडेआठची वेळ धरा, आणि मोठं माणूस सोबत.

राहिला पैशांचा प्रश्न. लहान सायकल लवकर लहान होते, हे कुणी नाकारत नाही. पण लहान सायकल मोडत नाही, नुसती लहान होते. चुलतभावाकडून मावसबहिणीकडं, तिथून शेजारच्या वस्तीवर अशी ती फिरू शकते, आणि आपल्या गावांत अशी देवाणघेवाण अजून सहज होते. नवी वीसची घेण्यापेक्षा जुनी सोळाची आणावी, असं मी तर सांगेन. जुनी आणताना रंग बघू नका. मागचं चाक उचलून फिरवा, ते ब्रेकच्या रबराला घासत लचकत फिरतं का बघा. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खडखडलं तर छर्रे आणि कोन बदलावे लागतील, त्याचा खर्च फार नसतो. आणि सीटचा बोल्ट सैल करून पाइप वर-खाली होतो का, हे नक्की बघा. पावसात अंगणात राहिलेल्या सायकलीचा पाइप आत गंजून धरतो. तो सुटला नाही तर बाकी सगळं चांगलं असूनही ती सायकल एकाच उंचीच्या पोराची. रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडून ठेवलं तर पुष्कळदा सुटतो. पाइप बाहेर आला की पुसून ग्रीस लावायचं आणि मगच परत बसवायचं.

(पुढील आठवड्यात : छर्रे, कोन आणि ग्रीस)