धारप वाचायचे कुठून?

'तुंबाड' पाहून बाहेर पडलेल्या अनेक तरुण प्रेक्षकांना नारायण धारप हे नाव त्या चित्रपटामुळेच कळलं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि तेव्हा माफकच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा मात्र त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी खेचली. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने सांगितलेली धारपांची गोष्ट हे या चित्रपटाचं मूळ आहे, असं बर्वे यांनी सांगितलं आहे. शीर्षकातलं गाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'मधून आलं आणि भीतीचं बीज धारपांकडून.

ती गोष्ट म्हणजे 'आजी'. घरातली एक भयंकर म्हातारी आणि तिच्यासोबत एकटं राहण्याची पाळी आलेलं पोर. या कथेची मुळंही दूरवर जातात, स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेपर्यंत. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लेखकाची कल्पना पुण्यातल्या लेखकाने मराठी घरात आणली, ती जंगलात रात्री तोंडी सांगितली गेली आणि पुढे कोकणातल्या एका वाड्याची कथा होऊन पडद्यावर आली. या साखळीतला मधला दुवा आपल्याकडे सर्वांत कमी अभ्यासला गेला आहे. म्हणून हा लेख.

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा आणि मृत्यू १८ ऑगस्ट २००८ चा. शिक्षण रसायनशास्त्राचं. पुस्तकं शंभराहून अधिक. रसायनशास्त्राचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण त्यांच्या गद्यात तो दिसतो. धारप विशेषणं उधळत नाहीत. खोली किती मोठी, खिडकी कुठल्या दिशेला, दिवा कुठे, दार आतून उघडतं की बाहेरून, हे ते आधी सांगून घेतात. मग त्या नोंदीतली एकच गोष्ट बदलते. काल तिथे नसलेला वास आज येतो, किंवा बंद केलेलं दार बंद असूनही नीट बंद वाटत नाही. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाची ही शिस्त आहे: आधी स्थिर परिस्थिती नोंदवायची, मगच फरक. वाचक घाबरतो तो त्या फरकाला.

त्यांना सर्रास 'मराठीचे स्टीफन किंग' म्हटलं जातं. कौतुकाने म्हणतात हे मान्य, पण त्यात काळाचा क्रम उलटा होतो. किंग यांची पहिली कादंबरी 'कॅरी' १९७४ ची. त्याच्या कितीतरी आधीपासून धारप लिहीत होते आणि समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांना वाचक मिळाला होता. त्या काळात इंग्रजी भयसाहित्यात लव्हक्राफ्ट मोठा होता. १९३७ साली वारलेल्या या अमेरिकन लेखकाने भुतांना जवळजवळ रजा दिली आणि त्यांच्या जागी माणसाची दखलही न घेणाऱ्या, विश्वाच्या पलीकडल्या शक्ती आणल्या. धारपांचं मूळ नातं या धारेशी आहे. किंग त्यांना नंतर भेटले, उतारवयाकडे झुकताना.

मराठी मातीत हे रुजवणं सोपं नव्हतं. आपली भुतं फार हिशेबी. मुंजा पिंपळावर, समंध धनावर, चकवा रानात, वेताळ आपल्या सोबत्यांसह. प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली आणि उताराही ठरलेला. कोंबडं-नारळ दिलं की देवचार रात्रीच्या वाटसरूला घरी सोडतो, अशी गोष्ट कोकणात आणि गोव्यात कुठेही ऐकायला मिळेल. या भुतांशी व्यवहार करता येतो. धारपांनी तो व्यवहारच मोडला. त्यांच्या कथेत जे येतं त्याला काय हवं ते आधी कळत नाही, त्याचा कुणी पूर्वज नसतो आणि त्याची मागणी पुरवून ते जात नाही. ते पलीकडून येतं आणि इथे फट सापडली म्हणून येतं. 'सीमेपलीकडून' आणि 'अनोळखी दिशा' ही त्यांची शीर्षकंच पाहा. मराठी वाचकाला त्यांनी ही नवी भीती दिली आणि ती दिली एखाद्या कारकुनाच्या, डॉक्टरच्या, कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाच्या आयुष्यात.

त्यांच्या आधी मराठीत थरार नव्हता असं नाही. गोविंद नारायणशास्त्री दातारांची 'कालिकामूर्ती' होती. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचले होते. पण अर्नाळकरांच्या जगात शेवटी गुन्हेगार माणूसच असतो. रत्नाकर मतकरींची 'खेकडा' वाचताना अंगावर येतो तो माणसाच्या मनातला काळोख. मतकरी कथेला शेवटच्या ओळीत कलाटणी देतात, धारप मात्र पहिल्या पानापासून जमीन हळूहळू तिरकी करत नेतात. दोघांना एकाच फळीवर 'गूढकथा' म्हणून ठेवणं ही ग्रंथपालाची सोय झाली, वाचकाने तिथे थांबू नये.

आता समर्थांविषयी. धारपांचा सर्वांत लाडका नायक समर्थ आणि त्यांचे सहकारी अप्पा जोशी. दुष्ट शक्तींशी लढणारा तज्ज्ञ ही इंग्रजीतली जुनी परंपरा आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'तला (१८९७) व्हॅन हेल्सिंग हा त्या घराण्यातला. पण 'समर्थ' हे नाव उच्चारताच मराठी कानाला रामदास ऐकू येतात आणि 'समर्थाचिया सेवका' हे शीर्षक तर सरळ मनाच्या श्लोकांतूनच उचललेलं आहे. धारपांचे समर्थ बुवा नाहीत, मांत्रिकही नाहीत. ते शांत, नेमकं बोलणारे, मनाची शक्ती साधनेने कमावलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या कथांत सत् आणि असत् यांच्यातली रेषा स्वच्छ असते. आजच्या वाचकाला कधीकधी ती फार स्वच्छ वाटेल. मला ती आवडते, कारण भीती इतकी अनोळखी असताना तिच्यासमोर उभं राहणारा माणूस तरी ओळखीचा असावा लागतो. तरीही धारपांची सगळ्यात दाहक पुस्तकं समर्थांविना आहेत, असं माझं मत आहे. जिथे वाचवायला कुणी येणार नाही हे वाचकाला कळतं, तिथे धारप पूर्ण ताकदीने लिहितात.

उसनवारीचा प्रश्न टाळू नये. 'लुचाई'वर किंग यांच्या 'सेलम्स लॉट'ची (१९७५) आणि 'शपथ'वर 'इट'ची (१९८६) सरळ छाया आहे. काही वाचक हे कळल्यावर पुस्तक बाजूला ठेवतात. मी उलट सुचवेन: दोन्ही शेजारी ठेवून वाचा. 'झुंजारराव' हे 'ऑथेल्लो' आहे म्हणून देवल लहान होत नाहीत आणि 'ती फुलराणी'मागे शॉ आहेत म्हणून पु.लं.ची मंजुळा परकी होत नाही. प्रश्न असतो तो रूपांतर करताना काय नव्याने बांधावं लागलं याचा. 'सेलम्स लॉट'मध्ये रक्तपिपासूसमोर क्रूस धरला जातो आणि फादर कॅलहन यांची श्रद्धा नेमकी त्या क्षणी डळमळते. कादंबरीचा कणाच ख्रिस्ती आहे. मराठी गावात चर्चची ही जागा कोण घेणार? देऊळ असतं, पण देवळाचा पुजारी हा काही फादर नव्हे. त्याच्याकडे कुणी कबुलीजबाब द्यायला जात नाही. म्हणून श्रद्धेचं हत्यार दुसरीकडे शोधावं लागतं, गाव कसं पोखरलं जातं हेही गावच्या नातेसंबंधांतून दाखवावं लागतं. 'इट'चं तसंच. किंग यांच्या हजाराहून अधिक पानांत अमेरिकेतल्या एका गावाचं अख्खं बालपण साठवलेलं आहे. ते मराठी शाळकरी मुलांचं करायचं तर भाषेचा पोतच बदलतो. लहानपणी दिलेला शब्द मोठेपणी पाळायला परत यावं लागणं, ही कल्पना मराठीत 'शपथ' या एका शब्दात उतरली. धारप कुठे उजवे ठरतात आणि कुठे किंग यांच्या मागे पडतात, याचा तौलनिक अभ्यास एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने करायला हवा.

मग सुरुवात कुठून? माझं उत्तर ठाम आहे: कादंबरीपासून करू नका. 'अनोळखी दिशा' या कथासंग्रहाच्या तीन खंडांपैकी पहिला घ्या आणि एका बैठकीत एकच कथा वाचा. धारपांची लय पकडायला लघुकथाच बरी. मग 'समर्थ' आणि 'समर्थाचिया सेवका'. त्यानंतर 'लुचाई'. ती आवडली तर 'शपथ' आपोआप हातात येईल. 'चेटकीण', '४४० चंदनवाडी' आणि 'ग्रहण' या पुढच्या पायऱ्या. दूरदर्शन-मालिकांतून धारप भेटलेल्यांनी तर मूळ पुस्तकं जरूर वाचावीत, कारण पडद्याला जे दाखवावंच लागतं, ते धारप पानावर न दाखवता ठेवू शकतात. भीती सोसत नसेल त्यांनी विज्ञानकथांच्या वाटेने यावं: 'नेनचिम', 'गोग्रामचा चितार'. मराठी विज्ञानकथा म्हटलं की आपण १९७४ च्या 'कृष्णविवर'पासून जयंत नारळीकरांचं नाव घेतो, ते योग्यच आहे, पण धारप त्या यादीत क्वचित दिसतात.

क्वचित दिसण्याचं कारण वाचनसंस्कृतीत आहे. धारप विकत घेण्यापेक्षा भाड्याने अधिक वाचले गेले. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून पुस्तक यायचं, घरातली तीन-चार माणसं ते वाचायची आणि मुदतीच्या आत परत जायचं. घरच्या कपाटात राहिलं नाही ते समीक्षकाच्या टेबलावरही पोचलं नाही. दिवाळी अंकांतल्या कथांची गत आणखी वाईट. अंतरकरांच्या 'नवल'सारख्या अंकांनी गूढ आणि भयकथेला हक्काचं घर दिलं, पण दिवाळी सरली की अंक रद्दीत जायचे. आता लायब्रऱ्याही बंद पडत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं पुन्हा बाजारात आणली, हे उपकारच म्हणायचे. त्यामुळे आजचा वाचक निदान शोधू तरी शकतो. नव्या पिढीतले हृषीकेश गुप्ते 'अंधारवारी', 'घनगर्द' लिहितात तेव्हा हा रस्ता अजून वाहता आहे याची खात्री पटते.

एक मागणं आहे. २७ ऑगस्ट २०२५ रोजी धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. तुमच्या माळ्यावर, गावच्या घरी किंवा बंद पडलेल्या लायब्ररीच्या कपाटात धारपांची जुनी प्रत किंवा त्यांची कथा असलेला दिवाळी अंक असेल, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. शिक्का मारलेली, मुखपृष्ठ फाटलेली प्रतही चालेल. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या, आणि देण्याआधी एकदा वाचा.