सावली पाडा, अक्षर उचला!

स्क्रीनवरचं बटण सपाट असतं, तरी फुगीर दिसतं. ही करामत सावलीची! उजेड वरूनच येतो, असं आपला मेंदू धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ साली हे छान दाखवून दिलं. वरून उजळ, खालून काळपट असा गोल फुगीर वाटतो. चित्र उलटं धरा, तिथंच खड्डा! ‘विंडोज ९५’ची बटणं याच हिशेबाने बेतलेली. वर आणि डावीकडे पांढरी रेघ, खाली आणि उजवीकडे काळी. क्लिक केलं की रेघांची अदलाबदल, अन् बटण आत!

नकाशे काढणारे तर चक्क सूर्यच हलवतात. युरोपात भर दुपारी ऊन दक्षिणेकडून येतं, पण नकाशातल्या आल्प्सवर ते वायव्येकडून पाडतात. खरं ऊन दाखवलं तर डोंगरच दऱ्यांसारखे दिसू लागतात.

सगळ्यात भन्नाट प्रयोग दृष्टी-संशोधक डॅनियल कर्स्टन यांचा. पेटीत एक चेंडू तिरका सरकतो. सावली त्याला चिकटून चालली, तर तो जमिनीवरून मागे गेल्यासारखा वाटतो. सावली खालच्या खाली आडवी गेली, की तोच चेंडू हवेत उचलला जातो. चेंडूची वाट मात्र दोन्ही वेळा अगदी तीच! हीच युक्ती ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेममध्ये: उडी मारणाऱ्या मारिओची सावली थेट पायाखाली पडते, कुठे उतरायचं ते खेळणाऱ्याला कळतं.

१९९८ मध्ये ‘फोटोशॉप ५’ने तयार सावली हाती दिली. त्याआधी लेयरची प्रत काढा, काळी करा, धूसर करा, सरकवा, एवढा खटाटोप. २०१३ च्या ‘आयओएस ७’ने बऱ्याच सावल्या पुसल्या, पुढच्याच वर्षी गुगलच्या ‘मटेरियल डिझाइन’ने त्या नियमासकट परत आणल्या: वस्तू जितकी वर, तितकी सावली मोठी आणि मऊ.

शिकागोच्या लडलो कंपनीचा ‘उंब्रा’ हा छपाईचा टाइप या सगळ्यांहून धीट. त्यात अक्षर काढलेलंच नाही, नुसती सावली आहे. तरी बिनदिक्कत वाचता येतं!

पण माझ्या मते खरी कसोटी आपल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची. अक्षर आणि शेड यांच्यामध्ये तो बारीक फट सोडतो, म्हणून अक्षर पाटीपासून सुटून पुढे येतं. त्यात देवनागरीला शिरोरेषा! तिची शेड खालच्या अक्षरांवर उतरते. जाड झाली की ‘ष’चं पोट बुजलंच, म्हणून तिथं ब्रश हलका ठेवावा लागतो.