लाटांखालचे भूखंड

जमिनीचा भाव कधी पडत नाही, हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या खात्रीनं ऐकू येतं की शंका घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. मला मात्र ते कधी पटलं नाही. कारण 1865 ची मुंबई. त्या एका वर्षानं मला इतकी वर्षं झपाटलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि चारेक वर्षांत मुंबईत नेहमीच्या कमाईपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले.

आता खरी गोष्ट. एवढ्या पैशाला मुंबई बेट अपुरं पडलं, म्हणून समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. विकले जाणारे भूखंड तेव्हा लाटांखाली होते! रोकड नसलेले लोकही 1 जुलै 1865 च्या वायद्यानं सौदे करत होते. बँक ऑफ बॉम्बेला 1863 च्या कायद्यानं शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मुभा मिळाली होती, आणि बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा नुसता शब्दही तिथे तारणासारखा चाले. म्हणजे कर्जाच्या पैशानं शेअर घ्यायचे आणि तेच शेअर ठेवून पुन्हा कर्ज काढायचं.

एप्रिलमध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचा दिवस उजाडला तेव्हा पैसे द्यायला कोणापाशी काही नव्हतं. बॅक बेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली आला. इतकी दिवाळी निघाली की सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. 1868 मध्ये ती बँकही गुंडाळली गेली.

माझं मत असं, की जमिनीचा भाव शेअरइतकाच हलतो. फक्त घराच्या दारावर रोज कोणी भाव लिहून जात नाही, म्हणून तो स्थिर वाटतो. 1865 मध्ये जमीन शेअर होऊन बाजारात आली आणि तिचं हेलकावणं सगळ्यांना दिसलं. त्यात बुडाले ते कर्जवाले. समुद्र हटवायला अनेक वर्षं लागणार होती आणि त्यांच्या हाती वायद्याचे थोडेच महिने होते.

ओव्हलवर गेलो की राजाबाई टॉवरकडे बघत मी बराच वेळ रेंगाळतो. प्रेमचंदांनी तेजीच्या ऐन भरात दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं तो उभा राहिला. बांधकाम पुरं झालं 1878 मध्ये, म्हणजे त्यांचं दिवाळं निघून बरीच वर्षं झाल्यावर. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे शहरावरचं पुस्तक मात्र या पडझडीआधीच, 1863 मध्ये छापून आलं. ते दोन वर्षं उशिरा लिहिलं गेलं असतं, तर त्यात आणखी किती प्रकरणं वाचायला मिळाली असती, ही चुटपुट मला कायम लागून राहिली आहे.

बॅक बेची भरणी 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांनी पुन्हा काढली. खर्च फुगला, काम रखडलं आणि खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच उपसागराच्या भरावावरच्या एका टोकाला त्यांचं नाव मिळालं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर या नरिमन पॉइंटवरच्या कार्यालयांची भाडी जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत मोजली जात. दशक संपेपर्यंत तीही बरीच खाली आली होती.